पांढऱ्या डोंगराचे तीन फोटो

आखाती युद्ध सुरू झालं आणि पाच-सहा दिवसांत माझी धाकटी जाऊ रियाधहून सौदीच्याच दुसऱ्या टोकाला, यान्बूला, आमच्याकडे राहायला आली. दिराला कंपनीने सोडलं नाही, म्हणून ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर ती एकटीच निघाली. सोबत एक बॅग, खांद्याला कॅमेरा आणि खोक्यात गॅस मास्क. मी तिला जवळ घेतलं, गरम वरण-भात वाढला आणि दोन दिवसांत तिच्यावर जळायला लागले.

कारण युद्ध सगळं तिच्या वाट्याला आलं होतं. आमच्या यान्बूत ना सायरन, ना स्कड क्षेपणास्त्रं. नुसता रिफायनरीचा वास. तिने खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या, डोक्यावरच्या आकाशात स्फोट पाहिले होते. कॉलनीतल्या बायका मास्क बघायला यायच्या आणि जाताना तिच्यासाठी डबा ठेवून जायच्या. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला की पहिला प्रश्न, "धाकटी कशी आहे? जेवते ना?" जेवायला घालणारी मी, पण माझी चौकशी होईपर्यंत लाइन खरखरायला लागलेली असे. माझा नवरा तर जेवताना पेपरातून तोंड वर काढत नसे. तो आता पेपराची घडी घालून तिला स्कडबद्दल विचारत बसायचा. माझ्या भेंडीबद्दल त्याने बारा वर्षांत एक प्रश्न विचारला नव्हता.

तिची नऊ वर्षांची मुलगी पाचगणीला होस्टेलमध्ये होती. टीव्हीवर रियाध बघून पोर हादरली होती. "मी ठणठणीत आहे गं," असं जाऊ फोनवर कितीदा म्हणाली, पण तिला पटेना. "तू खोटं बोलतेस," ती रडत म्हणाली. "फोटो पाठव."

तेव्हा माझ्या नवऱ्याला पांढरा डोंगर आठवला. मदिना शहराच्या पलीकडे काही तासांवर तो विझलेला ज्वालामुखी आहे. दगडच फिकट, पण लांबून बर्फ पडल्यासारखा दिसतो. "त्याच्यासमोर फोटो काढू," तो म्हणाला. "पोरीला वाटेल, आई थंड हवेच्या ठिकाणी मजेत आहे." आमच्या कॉलनीतला रत्नागिरीचा एक गृहस्थ रविवारी सकाळी मुंबईला निघणार होता. त्याच्या हाती पाकीट द्यायचं ठरलं.

शुक्रवारी पहाटे निघालो. आदल्या दिवशी पाऊस पडून हवा धुतल्यासारखी स्वच्छ झाली होती. मदिनेत आम्हा बिगरमुस्लिमांना मज्जाव, म्हणून शहराबाहेरच्या रस्त्याने गेलो. युद्धाच्या दिवसांत कॅमेरा दिसायला नको, म्हणून तो मी पोळ्यांच्या डब्याखाली दडवला होता. पुढे कच्चा रस्ता, दोन्हीकडे काळाभोर लाव्हा, आणि मग एकदम तो डोंगर समोर आला. काळ्या ताटात भाताची मूद वाढावी तसा. मीही क्षणभर सगळं विसरले.

जावेने केस विंचरले, ओठांना लिपस्टिक लावली. गळ्यापासून पायांपर्यंत काळ्या अबायात ती ओळखू येणार होती ती चेहऱ्यानेच. कॅमेरा माझ्या हातात देत म्हणाली, "वहिनी, तीनच फोटो उरलेत. चेहरा तेवढा नीट येऊ द्या हं."

"वा! काश्मीरला आल्यासारखी दिसतेस," गाडीला टेकून माझा नवरा म्हणाला.

आम्ही खरोखरच काश्मीरला गेलो होतो, लग्नानंतर. तेव्हा तो मला म्हणाला होता, स्वेटर घाल, सर्दी होईल.

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि जरासा वर केला. डोंगराचा माथा पूर्ण आला. जाऊ खाली डोळ्यांपुरती उरली. मला ते दिसत होतं. मी बटण दाबलं. मग अंतर बदलल्याचं नाटक करून आणखी दोनदा दाबलं.

शनिवारी संध्याकाळी स्टुडिओतून पाकीट आलं. डोंगर असा आला होता की कॅलेंडरवर छापावा. तिन्ही फोटोंत तळाशी जावेचा भांग, कपाळ आणि डोळे. नाकापासून खाली काही नाही. नवरा मला म्हणाला, "तुला साधं एवढं जमू नये?" जाऊ मात्र म्हणाली, "असू दे हो भावोजी, डोळे आलेत ना. डोळ्यांवरून ओळखेल ती." दुसरा रोल आणायला वेळ नव्हता. तिन्हींतला बरा फोटो तिने पाकिटात घातला आणि तो रविवारी गेला.

पंधरा दिवसांनी होस्टेलचा फोन लागला. घर माझं, म्हणून नंबर मीच फिरवायचे; तेवढाच माझा मान. जाऊ शेजारी हात पुढे करून उभी होती.

"काकू," पलीकडून पोरगी कुजबुजली, "फोटो मिळाला. आईच्या तोंडाला काय झालंय?"

"काय होणार? काही नाही."

"मग ते लपवलंय का? भाजलंय का तिला? तू सांग ना. आई खोटं बोलते. तू तरी खोटं बोलू नकोस."

जाऊ माझ्याकडे बघत होती, संपूर्ण चेहऱ्याने.

"अगं, काकूला फोटो काढता येत नाही, म्हणून," मी म्हणाले आणि फोन तिच्या हातात दिला.