शिक्षेचा रकाना

माझे बाबा, गुणवंत रणभिसे, सरकारी कागदावर अनपढ़ होते. हे सांगितलं की लोक आधी हसतात. हसा बापा, मी काही म्हणत नाही. पण पूर्ण ऐकून घ्या, आणि मग हसून दाखवा.

अहो, या माणसानं उभ्या आयुष्यात एक सकाळ वाचल्याशिवाय घालवली नाही! कारखान्याचा भोंगा वाजायच्या आत आंघोळ आटपून बाबा दारातल्या उजेडात स्टूल टाकून बसत. मांडीवर शास्त्र, म्हणजे आमचं बायबल. त्याला खाकी कापडाचं कव्हर, आईनं त्यांच्या जुन्या वर्दीतून शिवलेलं. ओळीखाली बोट ठेवून ते मोठ्यानं वाचायचे आणि एक अध्याय संपल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. आई, म्हणजे शरयू, करवादायची, "तुमच्या अध्यायापायी रोज चहाचं पाणी होते!"

बाबा हसायचे. "शरयू, देवाचं राज्य येणार आहे. त्या राजाची बोली आत्तापासून कानात बसायला नको? तिथं जाऊन उभे राहिलो आणि एक शब्द समजला नाही, तर लोक म्हणतील, हे काहून आले इथं?"

तोफांचे भाग तापवायच्या भट्टीवर काम करायचे ते. पण त्यांच्या मनात पक्कं होतं की त्या राज्यात तोफा वितळवून नांगर करणार. "आणि फाळ तापवायला भट्टीवाला लागतोच," ते म्हणायचे. "माझी नोकरी तिथं पण पक्की, पाहून घे."

आम्ही मूळचे अचलपूरचे. चीनच्या लढाईनंतर जबलपूरच्या कारखान्यांत माणसं भरून राहिले होते, तेव्हा बाबा आम्हाला घेऊन नागपूरच्या बसनं नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून आले. मिशनच्या शाळेत आठवी पास झालेले, अक्षर मोत्यासारखं. पण भट्टीवर उभं राहणाऱ्याला शाळा कोण विचारतो? हात पाहिले, छाती पाहिली, घेतलं. कोणत्या कारखान्यात, ते नाव मी घेत नाही. कारखान्यानं काही केलं नाही. जे केलं ते आपल्याच माणसानं केलं.

तो माणूस म्हणजे हेमचंद्र काका. जबलपूरच्याच मराठी घरात जन्म, त्यामुळे मराठी घरची आणि हिंदी पाण्यासारखी. बाबांच्याच भट्टीवर, आमच्याच मंडळीतला, रविवारच्या उपासनेला बाबांच्या शेजारी बसणारा. आम्हाला खोली त्यानं पाहून दिली, बाबांना बाजारापुरती हिंदी त्यानं शिकवली, मला हिंदी शाळेत त्यानंच नेऊन बसवलं. घरात भाजी कोणतीही असो, त्याच्या नावची वाटी निघायची. बाबांना भाऊ नव्हता, आणि हा आल्यावर उणीव राहिली नाही. असं आम्हाला वाटायचं!

पासष्टच्या उन्हाळ्यात बाबांचे डोळे दुखायला लागले. पाणी यायचं, अक्षरांभोवती काळे ठिपके नाचायचे. डॉक्टर म्हणाले, "आगीसमोरून हटा. पडदा जळून राहिला आहे. चार-पाच वर्षं अशीच काढली तर दिसणं बंद." घरी आल्यावर आईनं विचारलं, तर बाबा शास्त्राकडे पाहून एवढंच बोलले, "मग वाचू कसं?"

आणि त्याच महिन्यात, जणू देवानंच धाडली, परीक्षण-खोलीतली एक जागा निघाली. तयार झालेले भाग तिथं सावलीत बसून मापायचे, आकडे लिहायचे. ना आग, ना धग. अट एकच, आठवी पास. जागाही एकच. बाबांनी अर्ज करायचं ठरवलं, हेमचंद्र काकानंही ठरवलं. बाबा म्हणाले, "दोघांतून कोणालाही मिळो, घरातच राहील."

त्या साली पहिल्यांदा कारखान्याचे फॉर्म हिंदीत आले. अंगणातल्या खाटेवर दोघं बसले. मी दहा वर्षांची, जवळच चिंचोके खेळत होते. बाबा एकेक रकाना मोठ्यानं वाचून भरत होते. नाम. पिता का नाम. मग आलं, शिक्षा.

बाबांना हसू आलं. "हे पण विचारून राहिले? विचारू दे. आपल्याला काय भीती!" आणि अगदी छातीठोकपणे, आपली नवी हिंदी वापरून, मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं: ईश्वर की कृपा से आज तक नहीं हुई। मग कागद काकाकडे सरकवला. "पाहा रे हेमचंद्र, तुझ्या विद्यार्थ्यानं बरोबर लिहिलं का?"

काकानं वाचलं. चहाची बशी तोंडाशी नेलेली, तशीच राहिली. मला वाटलं, चहा गरम आहे. मग म्हणाला, "बरोबर आहे. अगदी बरोबर." दोन्ही फॉर्म घडी करून त्यानं खिशात घातले. "तुला काहून उन्हात पाठवू? मीच देऊन टाकतो."

जागा काकाला मिळाली. बाबांना उत्तर आलं, कागद अटीत बसत नाहीत. का बसत नाहीत, हे विचारायला बाबा निघाले होते, चप्पल पायात घातलेली. काकानं त्यांना खाली बसवलं, खांद्यावर हात ठेवला. "गुणवंता, इथल्या याद्या माणसं करतात. भांडून काय मिळवणार? देवाच्या राज्याची यादी वेगळी आहे. तिथं तुझं नाव सगळ्यात वर." बाबांचे डोळे भरून आले. ते विचारायला गेलेच नाहीत.

सप्टेंबरात लढाई पेटली. बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या, आणि लढाई संपली तरी भट्टी काही थंड झाली नाही. निळ्या काचेच्या चष्म्यातून बाबा आग पाहत राहिले. सत्तरच्या सुमाराला एका सकाळी दारात त्यांचं बोट ओळीखाली सरकत राहिलं, पण आवाज थांबला. थोडा वेळ ते पाठ असलेलं बोलले, मग तेही चुकलं. आईनं न सांगता चहा पुढे केला आणि त्या दिवशी त्यांनी तो गरम पिला.

आईला अक्षरओळख नव्हती. मी वाचून दाखवायला पाहिजे होतं, हो. पण माझी सगळी शाळा हिंदीत. मराठी मला समजायची, घरात मी बोलायचे सुद्धा, पण छापील मराठी वाचायची म्हणजे अडखळत, आणि 'ळ' तर जिभेवर बसतच नव्हता. बाबांना ओळीचा असा चुरा झालेला ऐकवत नव्हता. मग हेमचंद्र काका रोज संध्याकाळी सहाला यायला लागला. चप्पल दाराशी, नमस्कार, आणि "काय गुणवंता, आज कुठून?" आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. बाबा डोळे मिटून ऐकायचे. पाहुण्यांना सांगायचे, "देवानं डोळे नेले, पण मित्र ठेवला."

एकाहत्तरच्या लढाईत त्यांना कुठं उभं करावं हेच कारखान्याला समजेना. बहात्तरला घरी बसवलं. त्यांचे कागद आणायला ऑफिसात मी गेले, सतरा वर्षांची. खिडकीत एक म्हातारे बाबू होते. त्यांनी फाइल उघडली, पानं उलटली आणि हसले.

"अच्छा, तो ये हैं तुम्हारे पिताजी! ईश्वर की कृपा वाले!"

मला काही समजलं नाही. त्यांनी तो फॉर्म माझ्यापुढे धरला. बाबांचं अक्षर मी लगेच ओळखलं. शिक्षा, आणि पुढे ती ओळ. बाजूला लाल पेन्सिलीनं गोल करून लिहिलेलं, अनपढ़.

मी हिंदी शाळेत शिकलेली ना! मला एका क्षणात दोन्ही अर्थ दिसले. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. बाबांना वाटलं, कधी दंड झाला का असं विचारलंय, आठवीचं पुढे विचारतील, म्हणून त्यांनी अभिमानानं लिहिलं, देवाच्या कृपेनं आजवर नाही. आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. देवाच्या कृपेनं आजवर शिकलो नाही! अख्खं ऑफिस पोट धरून हसलं असणार. अरे, पण ज्यानं स्वतःच्या हातानं एवढं सुरेख लिहिलं, तो अनपढ़ कसा, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये?

मी बाबूंना म्हटलं, "किसी ने पूछा नहीं?"

"पूछा था, बिटिया. मैंने खुद पूछा था. हेमचंद्र जी ही तो दोनों फॉर्म लाए थे. मैंने कहा, भैया, ये क्या लिखा है आपके दोस्त ने? बोले, सही लिखा है. पढ़े-लिखे नहीं हैं बेचारे, बस प्रार्थना-व्रार्थना करते हैं."

घरापर्यंत मी कशी आले, आठवत नाही. येताना एकच विचार. सांगितलं तर बाबांचं शास्त्र बंद होईल. संध्याकाळचा तो एक आवाज, तेवढंच तर उरलं होतं त्यांच्याजवळ. नाही सांगितलं, तर तो माणूस रोज आमच्या कपातून चहा पिणार, आणि मी तो करून देणार. नाही जमलं मला. दारात पाय ठेवला आणि सगळं सांगून मोकळी झाले.

आई म्हणाली, "केसानं गळा कापला मेल्यानं!" आणि पदर तोंडाला लावून मोरीत जाऊन रडली.

बाबांनी विचारलं, "बाबूनं विचारलं होतं त्याला? नक्की विचारलं होतं?" मी हो म्हटलं. त्यांनी परत विचारलं. परत हो म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला रडू फुटलं.

"जागा गेली, ठीक आहे," बाबा म्हणाले. "लोभ कोणाला सुटला? डोळे गेले, तेही मी कसंतरी गिळीन. पण त्यानं राज्याचं नाव घेतलं, विनता! मी विचारायला निघालो होतो. त्यानं देवाच्या राज्याचा बोळा करून माझ्या तोंडात कोंबला. सात वर्षं मी त्याला दुवा देऊन राहिलो."

मी रागात म्हटलं, "मग कशाला पाहिजे ते राज्य आणि ते वाचणं? त्यानं पण तर रोज वाचलं! काय झालं वाचून?"

"त्यानं मला वाचून दाखवलं," बाबा म्हणाले. "स्वतः कुठं ऐकलं? आणि ऐक पोरी, चोरानं माझं घड्याळ नेलं म्हणून सकाळ व्हायची राहत नाही. राज्य येणारच आहे. पुस्तक आण."

सहाला चप्पल दाराशी वाजली. "काय गुणवंता, आज कुठून?" म्हणत हेमचंद्र काका नेहमीच्या खुर्चीकडे आला. खुर्चीत मी बसलेली, मांडीवर खाकी कव्हरचं शास्त्र.

"आज विनता वाचेल," बाबा म्हणाले. "तू बस."

काका खाटेच्या कडेला टेकला. आईनं त्या दिवशी चहा ठेवला नाही. त्याच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यानं स्वयंपाकघराकडे दोनदा पाहिलं. मी वाचायला लागले. घाम फुटला होता. जोडाक्षर आलं की थांबायचे, परत मागून सुरू करायचे. मग ती ओळ आली, देवाचं राज्य जवळ आलं आहे ती, आणि मी वाचलं, "जवल."

"जवल नाही बेटा, जवळ," काका सवयीनं म्हणाला. "ळ. जीभ वर लाव."

"राहू दे, हेमचंद्र," बाबा म्हणाले. त्यांनी मान त्याच्याकडे वळवली, बरोबर त्याच्या तोंडाकडे, दिसत असल्यासारखी. "शब्द चुकला तरी गप्प बसायचं तुला जमते. शिक्षेच्या रकान्यात जमलं होतं, आज पण बस."

काका उठला नाही. तो काही म्हणेल म्हणून मी थांबले.

"वाच, विनता," बाबा म्हणाले.

मी परत तीच ओळ घेतली. परत जवल झालं. या वेळी कोणी टोकलं नाही. "पुढे," बाबा म्हणाले, आणि मी पुढे वाचलं.