लिव्याला जायचा बेत

बाबा आखातात गेले तेव्हा मी दुसरीत होतो. आई चिरेखाणीवर दगड उचलायची. पावसाळ्यात खाण बंद पडली की आम्ही पेजेवर दिवस काढायचो. बाबांनी अठरा वर्षं दुबईपासून गाडीने चार तासांवरच्या लिव्याच्या वाळवंटात, रस्त्याच्या कामावर पाण्याचा टँकर चालवला, म्हणून मी इंजिनिअर झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. मला त्याचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही.

मला दुबईत नोकरी लागली, मी गाडी घेतली आणि काम सोडून गावी बसलेल्या बाबांना व्हिजिट व्हिसावर महिनाभर बोलावलं. त्यांचं मागणं एकच होतं. "एकदा लिव्याला ने. आमचा रस्ता वाळूत टिकलाय का, बघू दे."

मी ऑफिसच्या प्रोजेक्टसारखा तक्ता केला. पेट्रोल कुठे भरायचं, पाणी किती न्यायचं, मुक्काम कुठे. ईदची सुट्टी मंगळवार-बुधवार, बाबांचं विमान गुरुवारी सकाळी. बाबा तक्ता बघून हसले.

"साहेब, चंद्र दिसायच्या आधीच ईद लिहिलीत?"

"कॅलेंडरवर छापलीय, बाबा."

"चंद्राला कोणी दाखवलं तुझं कॅलेंडर?"

सोमवारी चंद्र दिसला नाही. एक रोजा वाढला, ईद बुधवारवर गेली, मंगळवारी ऑफिस. हातात उरला फक्त बुधवार.

"पहाटे निघू, वाळू बघू, रात्रीपर्यंत परत," बाबा म्हणाले. "आता काय, डांबरी रस्ता आहे!"

"अशी धावपळ नको. पुढच्या वेळी नीट दोन दिवस जाऊ."

"इन्शाल्ला," एवढंच म्हणाले.

बुधवारी मी उठलो तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पायात बूट चढवून गॅलरीत बसले होते. मी बघितलं आणि चहा ठेवायला आत गेलो. तेव्हा जेमतेम सात वाजले होते. निघता आलं असतं.

पुढची वेळ आली नाही. त्याच पावसाळ्यात बाबा गेले. इथली सुट्टी कशी ठरते, ते शाळा न पाहिलेल्या माणसाने मला आधीच सांगितलं होतं. मी डिग्रीवाला, मी ते हसण्यावारी नेलं.

पुढच्या वर्षीच्या रमजान ईदला आई आली होती. चंद्र दिसल्याची बातमी आल्यावरच मी पिशवी भरली, आईला शेजारी बसवलं आणि पहाटे निघालो. दुपारच्या आत आम्ही लिव्याला पोचलो. रस्ता टिकला होता.