दुपट्ट्याखालची बोटं

जऊळक्याच्या ज्या गायन पार्टीत मी ढोलकी वाजवायचो, तिचा पेटीवाला मी कधी स्वस्थ बसलेला पाहिला नाही. स्टेशनवर गाडीची वाट पाहतानाही त्याची बोटं बाकावर चाल शोधत असत. भीमगीतांच्या चाली तो स्वतः बांधायचा आणि वाजवताना बोटांवर दुपट्टा पांघरायचा. म्हणायचा, "गाणं आयका ना. बोटं कायले पाह्यता?"

मग टेपरेकॉर्डर आले आणि दुपट्ट्याचा काही उपयोग राहिला नाही. आसेगावच्या मुकाबल्यात समोरच्या पार्टीनं त्याचीच चाल वाजवली, हुबेहूब. लोक डोलत होते, हा माझ्या शेजारी नुसता चुळबुळत होता. एका ओळीवर तो ताडकन उठला. मला वाटलं, आता मारामारी होते. पण तो त्यांच्या पेटीवाल्यापाशी जाऊन उकिडवा बसला.

"माह्या पेटीचा हा सूर मेला हाये, म्हणून मी त्याले टाळतो. तुही पेटी त नवीकोरी हाये. तू काहून टाळून राह्यला? चोरतं त अक्कल लावून चोर!"

आणि दुपट्टा खांद्यावर टाकून त्यानं त्या सुराची पट्टी दाबत गाणं स्वतःच वाजवलं. त्याची ती चाल मी त्या दिवशी पहिल्यांदा पुरी ऐकली, दुसऱ्याच्या पेटीवर.