हेडमास्तरांच्या प्रार्थनेची नक्कल

पोहरादेवीच्या यात्रेत मी आमच्या हेडमास्तरांच्या प्रार्थनेची नक्कल करून दाखवली. ती हुबेहूब झाली, हीच चूक.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं. वाशीमकडच्या एका मिशन शाळेत आम्ही दोनच मास्तर. ते हेडमास्तर, मी दुय्यम. दुय्यम म्हणजे चौथीचे पाढे, शाळेची घंटा आणि पाळकसाहेबांच्या सायकलीत हवा. देवानं मला गळा दिला नव्हता, अक्षर दिलं नव्हतं, फक्त कान दिला होता. चर्चमध्ये सगळे डोळे मिटून प्रार्थना करायचे तेव्हा मी डोळे उघडे ठेवून ऐकायचो. कोण कुठे खोकतो, कोण देवाला किती वेळा हाक मारतो, सगळं पाठ. चहाच्या वेळी तेच विकायचं आणि हशा कमवायचा.

त्या चैत्रात रामनवमीच्या यात्रेला आम्ही चौघं गेलो होतो, शुभवर्तमानाच्या पुस्तिका वाटायला. पाळकसाहेब, चर्चच्या मंडळीचे दोन पंच आणि मी. पंचांपैकी एक मिशन दवाखान्यातला कंपाउंडर, दुसरा शेतकरी. हेडमास्तर आले नव्हते, कारण वहिनींना आठवा महिना लागला होता.

ऊन असं की पुस्तिकांचा लोकांनी पंखाच केला. पाळकसाहेबांनी त्रैक्य समजावलं. देव एक, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन. जसं पाणी, बर्फ आणि वाफ. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बर्फ कोनतं असते बाप्पा?" दुसरा म्हणाला, "आमच्या कारंज्याच्या दत्तावानी हाय का?" साहेब म्हणाले, नाही, तसं नाही. मग कसं, ते सांगेपर्यंत दोघं रेवड्या घ्यायला निघून गेले.

कडुनिंबाखाली आम्ही तोंडं पाडून बसलो. हवा हलकी करावी म्हणून मी कंपाउंडरची प्रार्थना म्हटली. तो देवालाही दिवसातून तीनदा, जेवणानंतर, अशा थाटात बोलायचा. साहेबांचा चहा नाकात गेला. तेच म्हणाले, "आता हेडमास्तर कर."

मी गुडघे टेकले, मान डावीकडे कलती केली आणि त्यांचा तो सावकाश, विहिरीतून आल्यासारखा आवाज काढला. "बापा, तू एकलाच देव. तुया जोडीले कोनी नाई, तुया बरोबरीचं कोनी नाई. तू ज्याले पाठवलं त्या तुया सेवकाच्या, येशूच्या नावानं मागून राह्यलो. पोरायले अक्कल दे, विहिरीले पानी दे."

पंच हसले. साहेब हसले नाहीत.

"शेवट परत म्हण," ते म्हणाले. मी म्हटला.

"पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणत नाही तो?"

"नाही."

"येशूला हाक मारतो कधी? प्रभू येशू, माझं ऐक, असं?"

मी आठवून पाहिलं. "नाही साहेब. बापालाच मागतात. दर वेळी."

साहेबांनी कप खाली ठेवला. "ते 'सेवक' तू पदरचं घातलं असशील."

दार सताड उघडं होतं. शेणाच्या पोवात जेवढी अक्कल असते तेवढी असलेला माणूसही त्यातून निसटला असता. पण माझ्या कलेवर कुणी संशय घेतलेला मला सहन व्हायचा नाही. मी ताठ होऊन म्हणालो, "साहेब, मी पदरचा एक शब्द घालत नाही."

आम्ही बैलगाडीनं परत निघालो. गाव दिसायला लागल्यावर साहेब म्हणाले, "येशू देव नाही असं मानणारा माणूस मिशनच्या पोरांना धर्म शिकवू शकत नाही. खरं निघालं तर शाळाही जाईल, क्वार्टरही जाईल. बुधवारी पंच बसतील. तू तिथं म्हणून दाखव." हे हुकूम म्हणून नाही, पाठीत उसण भरल्यासारखं म्हणाले. हेडमास्तरांचं लग्न त्यांनीच लावलं होतं.

सोमवारी संध्याकाळी मी क्वार्टरवर गेलो. वहिनी ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. पाय इतके सुजले होते की चपला बाजूला काढून ठेवल्या होत्या. मी दोघांना झालं ते सांगितलं. मास्तर रागावतील म्हणून मी ओट्याच्या पायरीजवळच उभा होतो, पळायला सोपं.

मास्तर म्हणाले, "खरंच हाय ते."

"काय खरं?"

"तू म्हटलं ते. चांगली म्हटली तू, साहेबाले पटली म्हंजे." मग ते चौकटीला टेकून बसले. "इचार कर लेका. धरल्या जायच्या आंधी बागेत तो गुडघ्यावर पडून रडला. हे दुख टाळ म्हने. कोनापाशी मागत होता? सोतापाशी? जगाच्या शेवटाची घडी मले ठाऊक नाई, एकट्या बापाले ठाऊक, असं तो सोता सांगते. मंग मी त्याच्याहून शहाना काहून होऊ? तो माहा प्रभू हाय, देवानं पाठवलेला. पन तो ज्याच्यापुढं वाकला, त्याच्याचपुढं मी वाकतो."

सूप थांबलं. "हे घरात म्हना," वहिनी म्हणाल्या. "पंचाइपुढं कायले म्हनता? वैशाखाच्या उन्हात असं पोट घेऊन मी कोठी जाऊ?"

मास्तरांनी सुपाबाहेर सांडलेली ज्वारी वेचायला घेतली.

"वहिनी, तुम्ही काळजी करू नका," मी म्हणालो. "मी सांभाळतो."

"तुमी?" त्या म्हणाल्या. पण सूप पुन्हा हलायला लागलं, आणि मला वाटलं, बाईनं विश्वास ठेवला.

बुधवारी शाळेला सुटी देऊन पंच चौथीच्या वर्गात बसले. सतरंजीवर पाळकसाहेब, पुढ्यात मंडळीची नोंदवही. बाजूला दोघे पंच. समोर हेडमास्तर, मांडी घालून, हात मोकळे. वहिनी बाहेर व्हरांड्यात खांब धरून उभ्या होत्या. कुणी बस म्हटलं तरी बसल्या नाहीत.

मी गुडघे टेकले. त्या दिवशी मान डावीकडे कलती करायची गरज पडली नाही, ती आपोआपच कलली. "बापा, तू एकलाच देव," इथून सुरू केलं. "सेवक" आला तिथं "पुत्र" घातला. विहिरीचं पाणी मागून झालं आणि मास्तरांच्याच आवाजात, त्याच संथ लयीत मी पुढे गेलो, "पिता, पुत्र अन् पवित्र आत्मा, या एका देवाच्या नावानं."

इतकी चांगली नक्कल मी आयुष्यात केली नाही. शेतकरी पंचानं मोठ्यानं श्वास सोडला. कंपाउंडर म्हणाला, "हे तं बरोबरच हाय, साहेब." साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी वही मिटली आणि टोपणाचं पेन खिशाला लावलं.

"शेवटचं माहं नाई," मास्तर म्हणाले.

व्हरांड्यात बांगड्या वाजल्या.

"मास्तर," साहेब हळूच म्हणाले, "तुम्हाला गप्प बसता आलं असतं."

"परार्थनेत खोटं कसं चालन साहेब? मी ते कदी म्हटलं नाई. यानं मायासाठी घातलं. पोरगा मनानं चांगला हाय."

साहेबांनी पेन पुन्हा काढलं, पण टोपण उघडेनात. "एवढंच म्हणा. पुत्र देव आहे. मनात काय ते तुमचं तुम्ही पाहा."

मला वाटलं, मास्तर म्हणतील. बाहेर वहिनी होत्या, पोटात लेकरू होतं, डोक्यावर मिशनची कौलं होती. दोन शब्दांचं काम. मी असतो तर चार वेळा म्हणून वर टाळी घेतली असती.

"पुत्र म्हनतो," ते शेवटी म्हणाले. "ख्रिस्त म्हनतो, तारनारा म्हनतो. देव मातर एकला बाप."

साहेबांनी लिहिलं. लिहिताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला. मग माझ्याकडे वळले. "आणि तू? तुझं काय मत आहे?"

मला मत आहे की नाही हे तोवर कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. मी म्हणालो, "तुमचं असेल तेच, साहेब."

या उत्तरावर मला हेडमास्तर केलं.

शनिवारी सकाळी वहिनींच्या माहेरची गाडी इंझोरीहून आली. बाळंतपण होईस्तोवर राहा, असं साहेब दोनदा सांगून गेले होते, मास्तरांनी ऐकलं नाही. ते शेवटचा पेटारा गाडीत चढवत होते. मी मदतीला गेलो, तर सगळं आधीच भरून झालेलं. गाडीत पसरलेल्या कडब्यावर वहिनी बसल्या होत्या. मी जवळ गेलो आणि माफीचं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि कमरेची शाळेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"सोमवारी पोराइची परार्थना तुमालेच सांगा लागन, भाऊजी," त्या म्हणाल्या. "कोनाची म्हनसान? तुमची तं एकही नाई."