बया मागावरून उठली नाही

आंबवड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, धनगरांची पाच-सात घरं होती. त्यातल्या म्हादूच्या घरी त्याची धाकटी बहीण बया परत आली तेव्हा ती जेमतेम सतरा-अठराची असेल. नवऱ्यानं, बाजीनं, दुसरी केली होती. सवतीच्या हाताखाली राबण्यापेक्षा भावाची मेंढरं बरी, असं म्हणून एका सकाळी ती दंडातल्या चांदीच्या वाक्यांसकट निघून आली. तिला कुणी हाकललं नव्हतं. ती आपल्या पायांनी आली होती, आणि विचारणाऱ्याला तसं ठणकावून सांगायची.

म्हादू मनानं वाईट नव्हता. पण त्याची बायको सखूबाई बयेला भाकरी वाढण्याआधी टोपलीत डोकावून बघायची. बयेला तेवढं पुरे होतं.

त्याच सुमाराला, छत्तीस-सदतीस साली, भोरला तरुण पोरांसाठी विणकामाचा वर्ग निघाला. गावोगावची बेकार पोरं घोंगडी विणायला शिकतील, आपल्या पायावर उभी राहतील, असा बेत होता. शिकवायला आनंदराव नावाचे मास्तर आले. पोरांना विणायला सूत हवं, म्हणून लोकर कातायला बायका लावल्या, त्यांत बया एक. तिच्या हातचं सूत बारीक आणि पीळदार निघे. मागावर उभा ताणा ताणायचा तो तिच्याच सुताचा. बाकीच्यांचं सूत ओढलं की तुटायचं.

चरखा फिरवता फिरवता बया मागाकडे बघत राही. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेलं पोर, इकडून तिकडं धावणारा धोटा. महिनाभर बघितल्यावर तिनं मास्तरांना गाठलं.

"मास्तर, मला बी शिकवा."

आनंदराव हसले. "बाई, वर्ग मुलांसाठी आहे. तुम्ही कातता ते काय कमी आहे?"

"कातनाऱ्याला मूठभर मिळतं आन् इननाऱ्याला घर चालवता येतं. मला घर चालवायचंय."

"नियम आहे."

"मग माझा बी नियम ऐका. शिकवनार नसाल तर उद्यापासून म्या कातनार न्हाई."

आणि खरंच ती दुसऱ्या दिवशी चरख्याला शिवली नाही. वर्गात येऊन भिंतीला टेकून बसली. तिसऱ्या दिवशी ताण्याचं सूत संपलं. पोरं खड्ड्यात पाय सोडून एकमेकांची तोंडं बघत बसली. चौथ्या दिवशी आनंदरावांनी कोपऱ्यातला मोडका माग दाखवला आणि म्हणाले, "बसा. पण पोरं गेल्यावर."

"पोरांच्या बरुबरच बसंन," बया म्हणाली.

बोंब व्हायची ती झालीच. कोंडिबा नावाचे म्हातारे पिढीजात विणकर होते; त्यांचा नातू वर्गात शिकत होता. बातमी कानावर जाताच ते चार माणसं घेऊन आले. बया मागावर होती. कोंडिबा दारातूनच गरजले, "मास्तर, बाई मागाच्या खड्ड्यात उतरली की माग बाटतो. आजवर कुणी उतरली न्हाई. हिला काढा, न्हाईतर आमची पोरं आमी घेऊन जातो."

आनंदराव घाबरले. पोरंच गेली तर वर्ग बंद पडणार. ते हळू आवाजात म्हणाले, "बयाबाई, आजच्या दिवस उठा. पुढं बघू."

"पुढं काय बघनार?" तिनं धोटा फेकला. "मेंढरं राखतो आमी. लोकर कातरली, धुतली, पिंजली, कातली, तवर बाटली न्हाई. शेवटच्या घटकेला माझ्या पायानं बाटती व्हय?"

"पोरी, तोंड आवर," कोंडिबा म्हणाले. "ऊठ."

"न्हाई उठत. उचलून काढा."

सगळे थबकले. परक्याच्या लेकीबाळीच्या अंगाला हात कोण लावणार? कोंडिबांनी मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी जमिनीकडे. बया विणत राहिली. मधूनच सूत तुटलं. तिनं गाठ मारली आणि पुन्हा धोटा टाकला. दुपार कलली तशी मंडळी बडबडत निघून गेली. कोंडिबांनी नातवाला दंडाला धरून नेलं. बाकीची पोरं राहिली.

वर्ष संपलं तेव्हा पोरांना दाखले मिळाले. बयेला दाखला नव्हता, कारण हजेरीत तिचं नावच नव्हतं. तिनं भांडण केलं नाही. तडक सोनाराकडे गेली, लग्नातल्या वाक्या मोडल्या आणि सुताराकडून माग करून घेतला.

"माग माझ्या घरात नगं," म्हादू म्हणाला. "भावकी मला वाळीत टाकंल."

"तुज्या घरात कोन ठेवतंय, दादा? मेंढरांच्या वाड्याच्या कडंला मोकळी जागा हाय, तिथं छप्पर घालीन."

खड्डा तिनं स्वतः खणला. खाली खडक लागला, तर पहार मागून आणली. चार दिवस म्हादू लांबून बघत होता. पाचव्या दिवशी छपराला वासे टाकून गेला.

भोरच्या बाजारात तिची घोंगडी कुणी घेईना, कोंडिबांच्या माणसांनी आधीच कान भरले होते. मग तिनं घोंगड्या डोक्यावर घेतल्या आणि डोंगर उतरून वेल्ह्याकडं चालू लागली. तिकडच्या पावसात भातलावणी करणारा माणूस घोंगडी कुणी विणली हे विचारत नाही. पाणी आत येतं का, एवढंच विचारतो. दोन पावसाळ्यांत तिकडची माणसं आंबवड्याची वाट विचारत तिच्या छपरापर्यंत यायला लागली.

घर चालू लागल्याचं कळलं तसा एक दिवस बाजी आला. डोक्याला नवा पटका होता. तिनं पाणी दिलं.

"झालं गेलं इसरून जा," तो म्हणाला. "चल घरी. माग बी घेऊन चल, मी गाडी आनतो."

"मागासाठी आलाय का माझ्यासाठी?"

"दोन्ही काय येगळं हाय?"

"हाय," बया म्हणाली. "पानी प्यालात न्हवं? आता उन्हाच्या आत निघा."

पुढं लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं आणि घोंगडीला मागणी वाढली. तेव्हा वाडीतल्या एकानं आपली लेक, फुला, बयेकडे आणली. पोरीला सासरी नांदवत नव्हते.

"शिकू दे चार गोष्टी," बाप म्हणाला. "पर खड्ड्यात उतरायचं न्हाई तिनं. नुसतं बगायचं."

बयेनं पोरीकडे पाहिलं. पोर बापाच्या पाठीआडून मागाकडे टक लावून बघत होती.

"नुसतं बगायला जत्रा हाय, मामा," बया म्हणाली. "हितं आली तर बसावं लागंल." आणि सरकून तिनं फुलाला खड्ड्यात पाय सोडायला जागा करून दिली.