दहा फेऱ्यांचे बासष्ट सेकंद

चेन्नईत अंबत्तूरजवळच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचो. दोन वर्षांचं प्रोबेशन संपत आलं होतं आणि कायम व्हायचं तर काहीतरी करून दाखवणं भाग होतं. मी आर्टिफिशियल इंटेलिजन्स करून दाखवायचं ठरवलं. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत हे नुसतं म्हटलं तरी स्टाफरूममधले लोक कॉफीचा पेला खाली ठेवत.

लॅबच्या कपाटात जुन्या विद्यार्थ्यांच्या रेकॉर्ड वह्या होत्या. त्यांतली रीडिंग्ज सुट्टीभर बसून मी कॉम्प्युटरला शिकवली. विद्यार्थ्यानं आपलं रीडिंग टाइप करायचं, कुठे चुकलं ते यंत्रानं सांगायचं. मी इतका फुगलो होतो की पुण्याला घरी फोन करून 'कायम झालोच समजा' असं सांगूनही टाकलं.

प्रात्यक्षिकाला प्रिन्सिपलसाहेब स्वतः आले. ते पूर्वी आमच्याच विभागाचे प्रमुख होते. प्रयोग सोपा होता. तारेला टांगलेली जड तबकडी पिळून सोडायची आणि दहा फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं. पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं मोजले, सत्तेचाळीस. यंत्र म्हणालं, 'बासष्ट हवेत. फेऱ्या मोजण्यात चूक. पुन्हा करा.' तिनं पुन्हा केलं. पुन्हा सत्तेचाळीस. मी तिच्याकडे असं पाहिलं की बिचारी स्टॉपवॉच टेबलावर ठेवून मागे सरली.

"इकडे द्या," प्रिन्सिपल म्हणाले आणि बाह्या सारून तमिळमध्ये 'ओन्नु, रेंडु' असं मोठ्यांदा मोजू लागले. सत्तेचाळीस. यंत्रानं त्यांनाही फेऱ्या नीट मोजायला सांगितलं. हसायची कुणाची छाती नव्हती. प्लगच उपटून टाकावा असं मला वाटत होतं.

तेवढ्यात लॅबचा अटेंडर पुढे आला. तंजावरकडचा, घरी मराठी बोलणारा. तो माझ्या कानाशी म्हणाला, "सार, तें जुनं तार तुटून आठ वर्षं होऊन गेलं. हें जाड तार मीच गिंडीच्या बाजारांतून आणिलों. कोण्ही विचारलंच नाहीं कीं."

म्हणजे आठ वर्षं पोरं नसलेल्या तारेची रीडिंग्ज सीनियरांच्या वह्यांतून उतरवत होती. या मुलीच्या ओळखीचे सीनियर नव्हते, म्हणून तिनं मोजलं होतं. मी तर तो प्रयोग हातानं कधी केलाच नव्हता. नुसता करून घेत होतो.

मी हे साहेबांना सांगितलं. "मग हे बासष्ट तपासले कुणी?" ते कडाडले आणि त्यांनी कपाटातल्या वह्या ओढल्या. दोन वर्षं माझ्या सह्या होत्या. त्याआधी सगळ्या त्यांच्या. त्यांनी वही हलकेच मिटली.

"मशीन बरोबर आहे," ते म्हणाले. "तार बदला. जुन्या मापाची आणा."

अटेंडर दुसऱ्याच दिवशी बारीक तार घेऊन आला. दहा फेऱ्यांना बासष्ट सेकंद लागू लागले आणि मी कायम झालो. पेढे वाटताना खरोखर लाज वाटत होती. त्या मुलीला बोलावून मी म्हणालो, "चूक माझी होती. तुझं रीडिंग बरोबर होतं."

तिनं रेकॉर्ड पुढे केलं. सत्तेचाळीस खोडून त्यावर सुरेख अक्षरात बासष्ट लिहिलं होतं. नवी तार लागण्याच्या आधीची तारीख होती.

"आता सीनियर ओळखीचे झालेत, सार," ती म्हणाली.

मी सही केली.