मागची सीट

निवृत्तीनंतर घेतलेली मोटारसायकल काल पहिल्यांदा सातारा हायवेवर नेली. नव्वदच्या वेगातही हँडलला थरथर नव्हती. खंबाटकीचा घाट तर ती एका दमात चढली. तरुणपणी आमची स्कूटर याच घाटात धापा टाकायची. मग बायको उतरून, पदर खोचून, हसत शेजारून चालायची. "दमदार गाडी घ्या, मग कोकणात जाऊ," म्हणायची.

काल निघताना तिलाही चल म्हटलं. कमरेचा पट्टा आवळत ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला आता एवढं बसवत नाही."

गाडी आणखी कितीही पळाली असती, पण घाट संपल्यावर मी घराकडे वळलो.

दार उघडत तिने विचारलं, "कशी आहे?"

"चांगली आहे," म्हटलं. फार उशिरा घेतली, हे सांगवलं नाही.